बारकी मासळी भरपूर, मोठी मात्र दिसेनाशी : नदीत बोटुकली सोडावी की लांबीची मर्यादा वाढवावी?

प्रश्न : डोहकाठ

नमस्कार. गळाने मासेमारी करणाऱ्या आमच्या गटाकडे नदीच्या सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या पट्ट्याची देखरेख आहे. गेल्या काही वर्षांत येथे घडलेला एक बदल सर्वांच्याच लक्षात आला आहे. वीतभर लांबीचे मासे पूर्वीइतकेच, किंबहुना पूर्वीपेक्षाही अधिक, गळाला लागतात. परंतु हातभर लांबीचा मासा साऱ्या हंगामात एखाददुसराच मिळतो. दोन्ही एकाच जातीचे आहेत, याबद्दल शंका नाही.

यावरील उपायाबाबत सभासदांत दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की नदी रिकामी होत चालली आहे, म्हणून मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची माशांची पिल्ले, आणून सोडावी. दुसऱ्या बाजूला वाटते की पकडण्यायोग्य माशाची किमान लांबी वाढवावी आणि त्याहून लहान मासा परत पाण्यात सोडणे बंधनकारक करावे. त्यावर पहिल्या बाजूचा आक्षेप असा की गळाला लागलेला मासा सोडला तरी मरतोच, मग सोडण्यात अर्थ काय? दोन्ही बाजूंकडे आठवणींपलीकडे पुरावा नाही. निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर : खवले आणि वलये

आपण दिलेल्या माहितीतच अर्धे उत्तर आहे. बारके मासे भरपूर आहेत, याचा अर्थ अंडी घातली जात आहेत, ती उबत आहेत आणि पिल्ले तगत आहेत. जी पायरी सुरळीत चालू आहे तिच्यातच आणखी भर घालणे, म्हणजे बोटुकली सोडणे, हा आपल्या नदीला नसलेल्या दुखण्यावरचा इलाज ठरेल. मात्र म्हणून दुसरी बाजू आपोआप बरोबर ठरत नाही, कारण ‘बारके पुष्कळ, मोठे नाहीत’ हे एकच लक्षण दोन अगदी विरुद्ध कारणांनी दिसू शकते.

पहिली शक्यता अशी की मासे झपाट्याने वाढत आहेत, परंतु मोठे होण्याआधीच पकडले जात आहेत. दुसरी शक्यता अशी की माशांची संख्या उपलब्ध अन्नाच्या मानाने फार झाली आहे, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येऊन त्यांची वाढ खुंटली आहे. म्हणजे जो वीतभर मासा आपल्याला पोरसवदा वाटतो, तो प्रत्यक्षात पाचसहा वर्षांचा म्हातारा असू शकतो. पहिल्या स्थितीत लहान माशांना संरक्षण दिले पाहिजे. दुसऱ्या स्थितीत तेच संरक्षण हानिकारक ठरते; तेथे उलट लहान मासे अधिक काढून उरलेल्यांना मोकळीक द्यावी लागते. दोन्ही बाजूंनी वर्षभर वाद घातला तरी या दोहोंतील फरक नदीकाठी उभे राहून कळणार नाही. तो माशाच्या वयावरून कळतो.

वय काढण्यासाठी मासा मारावा लागत नाही. पाठीवरच्या पराच्या किंचित मागे आणि अंगाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या पार्श्वरेषेच्या वर असलेले तीनचार खवले बोथट सुरीने हलकेच सोडवून घ्यावेत आणि माशाची लांबी व तारीख लिहिलेल्या कागदी पाकिटात ठेवावेत. वाढ मंदावते त्या ऋतूत खवल्यावरील सूक्ष्म कडी एकमेकींजवळ येतात आणि त्यातून वर्षाचे वलय तयार होते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजता येतात. पडून गेलेल्या खवल्याच्या जागी नव्याने उगवलेला खवला मध्यभागी कोरा असतो, तो टाकून द्यावा. जेथे पाण्याचे तापमान वर्षभर जवळपास सारखे राहते तेथे वलये अस्पष्ट असतात आणि माशाच्या कानातल्या खड्याचा, ज्यावरही अशीच वलये असतात, आधार घ्यावा लागतो, पण त्यासाठी मेलेला मासा लागतो. सभासदांनी खाण्यासाठी ठेवलेल्या माशांची डोकी त्या कामी येतील.

वेगवेगळ्या लांबीच्या पन्नाससाठ माशांचे खवले जमवा आणि मग येथे पुन्हा लिहा. तोपर्यंत कोणताही नियम बदलू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

उत्तर : उबवणीघर

मी काही वर्षे मत्स्यबीज केंद्रात काम केले आहे, त्यामुळे हे लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते. पण वरील मताशी मी सहमत आहे. ज्या नदीत मासे स्वतः प्रजनन करतात, तेथे बोटुकली सोडणे हे निरुपद्रवी दान नसते.

अमेरिकेतील मॉन्टाना राज्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील मॅडिसन नदीवर डिक व्हिन्सेंट या मत्स्यशास्त्रज्ञाने असे पाहिले की उबवणी केंद्रातील ट्राउट (थंड पाण्यातील एक मासा) सोडणे थांबवल्यावर नदीतील मूळच्या ट्राउटची संख्या वाढली, आणि जेथे पूर्वी मासे सोडले जात नव्हते तेथे ते सोडू लागताच मूळचे मासे घटले. टाक्यांत दाटीने वाढलेले मासे नदीतल्या स्थिर माशांच्या जागा विस्कटतात, त्यांना हुसकावतात आणि स्वतः मात्र फार काळ टिकत नाहीत. त्यानंतर १९७४ साली त्या राज्याने स्वबळावर टिकणारे ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणे बंद केले. गळ टाकणाऱ्यांचा त्याला विरोध झाला होता, हेही सांगितले पाहिजे. मासे सोडणे डोळ्यांना दिसते, न सोडणे दिसत नाही.

त्याहून खोल परिणाम आनुवंशिक आहे. टाकीत जगण्यासाठी लागणारे गुण वेगळे आणि नदीत जगण्यासाठी लागणारे वेगळे. अमेरिकेतीलच ऑरेगॉन राज्यातल्या हूड नदीतील स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारे ट्राउट) माशांवरील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की बंदिस्त वाढवलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीतील प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. असे मासे मूळच्या माशांशी संकरित झाले, तर ही उणीव पुढच्या पिढ्यांत मिसळते.

कावेरीतील महाशीराची कथा तर आणखी दुःखद आहे. त्या नदीच्या खोऱ्यातील मूळचा कुबडा महाशीर, जो गळाने मासेमारी करणाऱ्यांत जगप्रसिद्ध होता, तो कमी होत असताना केंद्रात वाढवलेला निळ्या परांचा महाशीर तेथे अनेक वर्षे सोडला गेला. हेतू चांगलाच होता. परंतु जात वेगळी होती, आणि ‘महाशीर पुष्कळ लागतात’ या समाधानाखाली मूळच्या जातीची घसरण झाकली गेली. कुबड्या महाशीराचे शास्त्रीय नाव नक्की झाले तेच मुळी २०१८ साली, आणि त्याच वर्षी त्याची नोंद संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

याचा अर्थ बोटुकली कधीच सोडू नये असा नाही. एखाद्या अपघाताने नदीतील सगळे मासे मेले, किंवा एखादी जात त्या पट्ट्यातून पूर्णपणे नाहीशी झाली आणि ती परत येण्याची वाटच बंद असली, तर त्याच खोऱ्यातील माशांपासून तयार केलेले बीज सोडण्यास आधार आहे. आपल्या नदीची स्थिती तशी दिसत नाही.

उत्तर : बिनदाताचा गळ

‘सोडलेला मासा मरतोच’ या आक्षेपाचे उत्तर हो किंवा नाही असे देता येत नाही. तो कसा सोडला यावर सगळे अवलंबून आहे. आम्ही गळकरी या बाबतीत स्वतःला जितके निष्पाप समजतो तितके नसतो.

कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउट माशांना दमेपर्यंत पळवले. ज्यांना पाण्याबाहेर काढले नाही त्यांपैकी ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. दमल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के वाचले आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी केवळ २८ टक्के. ही प्रयोगशाळेतील, आधीच उपकरणे जोडलेल्या माशांची आकडेवारी आहे, त्यामुळे नदीत नेमके हेच प्रमाण असेल असे नाही. पण दिशा स्पष्ट आहे. पाण्याबाहेर कल्ल्यांची नाजूक पाती एकमेकांना चिकटतात आणि नेमक्या सर्वाधिक गरजेच्या क्षणी माशाचा श्वास थांबतो. छायाचित्रासाठी मासा हातात धरून हसत उभे राहण्याचा तो एक मिनिट फार महाग असतो.

दुसरी बाब पाण्याच्या तापमानाची. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. उलट तापमानाबरोबर माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. म्हणून पाणी तापलेले आणि प्रवाह रोडावलेला असताना पकडून सोडण्याची मासेमारीसुद्धा थांबवणे योग्य.

तिसरी बाब गळाची. ओठात अडकलेला गळ फारसा घातक नसतो. घशात किंवा त्याखाली गेलेला असतो. जिवंत किंवा खाद्य आमिषावर मासे गळ खोल गिळतात, कृत्रिम आमिषावर बहुधा नाही. खोल गेलेला गळ उपसून काढू नये. दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडला तर त्याची जगण्याची शक्यता अधिक राहते. गळाच्या टोकामागचा उलटा दात पकडीने दाबून टाकला तर गळ क्षणात निघतो. मासे निसटतील ही भीती दोर ताणलेला ठेवणाऱ्याला बाळगण्याचे कारण नाही.

किमान लांबी वाढवून आमिषाचे नियम जुनेच ठेवले, तर आपले आक्षेप घेणारे सभासद बऱ्याच अंशी बरोबर ठरतील.

प्रतिसाद : डोहकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वरील सूचनेनुसार दोन महिन्यांत खवले गोळा केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वीतभर लांबीच्या बहुतेक माशांच्या खवल्यांवर एक किंवा दोन वलये आहेत, आणि ती एकमेकींपासून चांगली लांब आहेत. तीन वलयांचे मासे मोजकेच मिळाले. चार वलयांचा एकही नाही. म्हणजे वाढ खुंटलेली नाही, तर मासे वय होण्याआधीच नाहीसे होत आहेत, असा अर्थ आम्ही लावला. तो बरोबर आहे का? तसे असेल, तर किमान लांबी वाढवणे पुरेसे ठरेल का?

उत्तर : खवले आणि वलये

अर्थ बरोबर लावला आहे, एका सावधगिरीसह : मोठे मासे वय झाल्यावर आपल्या पट्ट्याबाहेर, खालच्या खोल डोहांत जात नाहीत ना, हे शेजारच्या पट्ट्यातील गळकऱ्यांकडून जाणून घ्यावे. तेथेही ते नसतील, तर मासेमारीचा ताण हेच कारण समजण्यास हरकत नाही.

आता मर्यादेबद्दल. निव्वळ किमान लांबीचा नियम लहानांना वाचवतो, परंतु ती रेषा ओलांडलेल्या प्रत्येक माशावर सगळा भार टाकतो. माशाच्या मादीची अंडी साधारणपणे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात, आणि अनेक जातींत त्याहूनही वेगाने, वाढतात. लांबी दुप्पट झाली की अंडी आठपट किंवा अधिक होतात. म्हणजे जी हातभर लांबीची मादी आपण बक्षीस म्हणून घरी नेतो, ती एकटीच अनेक लहान माद्यांचे काम करत असते. शिवाय सतत मोठेच मासे काढत राहिल्यास लवकर वयात येणाऱ्या आणि सावकाश वाढणाऱ्या माशांची आपण नकळत निवड करतो. डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मुंच यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अटलांटिक सिल्व्हरसाइड या लहान समुद्री माशाच्या काही गटांतून दर पिढीला मोठे मासे काढले आणि काही गटांतून लहान. चौथ्या पिढीपर्यंत, मोठे काढलेल्या गटांतील माशांचे सरासरी वजन लहान काढलेल्या गटांच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. नद्यांतील बदल इतके वेगवान नसतात, कारण तेथे मासेमारी इतकी काटेकोर नसते. पण ओढ त्याच बाजूची असते.

म्हणून मी दुहेरी मर्यादा सुचवेन : एका लांबीच्या खालचे आणि दुसऱ्या लांबीच्या वरचे मासे सोडायचे, मधले ठेवता येतील, तेही ठरावीक संख्येने. उत्तर अमेरिकेतील कोलंबिया नदीतल्या पांढऱ्या स्टर्जन या मोठ्या माशासाठी अशी पद्धत दीर्घकाळ वापरली गेली आहे. खालची रेषा अशी हवी की मादीला निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळेल. ती कोणत्या लांबीला वयात येते हे सभासदांनी ठेवलेल्या माशांचे पोट चिरताना तपासता येईल. रेषा अंदाजाने ओढू नका.

आणि परिणाम मोजण्याची सोय आधीच करून ठेवा. आज ८० माशांच्या शेपटीच्या पराचा कोपरा किंचित कापून सोडले आणि दोनतीन आठवड्यांनी पकडलेल्या १०० माशांत २० खुणेचे सापडले, तर पट्ट्यात अंदाजे ४०० मासे आहेत (८० गुणिले १००, भागिले २०). एकदा गळाला लागलेला मासा पुढे गळ टाळू लागतो, त्यामुळे दोन्ही वेळा गळच वापरल्यास आकडा फुगतो. दुसऱ्या वेळी परवानगीने जाळे वापरणे बरे. केवळ ‘तासाला किती मासे लागले’ यावर भिस्त ठेवू नका, कारण उरलेले मासे मोजक्या डोहांत एकवटतात आणि संख्या निम्मी झाली तरी गळ पूर्वीसारखाच वाकत राहतो.

उत्तर : उबवणीघर

एक लहानशी भर. बोटुकलीसाठी पैसे बाजूला काढलेच असतील, तर पट्ट्यातील एखादा जुना, निकामी बंधारा किंवा उपनदीच्या तोंडाशी बसवलेली उंच मोरी माशांची वाट अडवते का, हे त्यातून तपासून घ्या. वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढली गेली, तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे बंद असलेल्या वरच्या प्रवाहात सॅमन मासे आपण होऊन पोहोचू लागले. आपल्याकडे प्रकरण एवढे मोठे नसेल. कदाचित दोन दगड हलवण्याचे असेल.

प्रतिसाद : डोहकाठ

बंधारा नाही, पण वरच्या ओढ्याच्या तोंडाशी मोरी आहे आणि तिच्याखाली पाणी गुडघाभर उंचीवरून पडते. पुढच्या बैठकीत बोटुकलीचा ठराव मागे ठेवून खवल्यांची नोंदवही आणि ती मोरी हे दोनच विषय घेत आहोत. माद्या कोणत्या लांबीला वयात येतात याची नोंद या हंगामापासून सुरू केली आहे. दुहेरी मर्यादेचे आकडे ती पूर्ण झाल्यावर येथे कळवतो.