पाठीवरच्या बॅटरी पंपाची टाकी गळते. दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न (आर्णी तालुका, फवारणीचा पहिलाच हंगाम)

नमस्कार. वडिलांचे गुडघे दुखत असल्यामुळे यंदा पऱ्हाटीवरच्या (कपाशीवरच्या) फवारणीचे काम प्रथमच माझ्याकडे आले असून, त्यासाठी मागच्या महिन्यात १६ लिटरचा, १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा पंप घेतला. सुरुवातीला तो उत्तम चालला. आता मात्र चौथी टाकी संपेपर्यंत सदऱ्याची पाठ आणि कमरेखालचा भाग ओला होतो. वाकलो की झाकणातूनही शिंतोडे उडत होते, म्हणून झाकणावरचे बारीक छिद्र मी एम-सीलने बुजवले. शिंतोडे कमी झाले, परंतु फवारा मंदावला आणि खालची गळती तशीच राहिली. विक्रेत्याने "वायसर बदला" एवढेच सांगून परत पाठवले. कोणता वायसर, हे त्याने सांगितले नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. पंपाच्या दाबाने टाकीला तडा गेला असेल का?

उत्तर १ (पंपदुरुस्ती करणारा, घाटंजी)

भाऊ, सर्वप्रथम ते एम-सील काढा. टाकीतले पाणी जसजसे खाली जाते तसतशी त्याच छिद्रातून आत हवा येते; ती वाट बंद झाली की मोटर ओढ घेत राहते, टाकीच्या भिंती आत दबतात आणि फवारा मंदावतो. तुमचे शिंतोडे छिद्रामुळे नव्हे, तर टाकी काठोकाठ भरल्यामुळे किंवा झाकणाखालचा वायसर जागेवरून सरकल्यामुळे येत असावेत.

दाबाने टाकी तडकण्याची शक्यता फारच कमी आहे, कारण बॅटरी पंपात टाकीवर दाब नसतोच. टाकीच्या तळातून पाणी एका आखूड नळीने पंपाकडे जाते आणि दाब त्याच्या पुढे, होजमध्ये आणि लान्समध्ये (हातात धरायच्या फवारणीच्या दांडीत) तयार होतो. त्यामुळे गळती कोणत्या बाजूची आहे, हे आधी ठरवावे. पंप साबणाच्या पाण्याने तीनदा धुऊन, पुसून, स्वच्छ पाण्याने अर्धा भरा आणि बटन बंद ठेवून वर्तमानपत्रावर अर्धा तास उभा करा. कागद भिजला तर दोष टाकीच्या तळाच्या जोडात आहे. कागद कोरडा राहिला, तर बटन सुरू करून ट्रिगर बंद ठेवा. चांगल्या पंपात दाब भरला की प्रेशर स्विच मोटर थांबवतो. ती थोड्या थोड्या वेळाने आपोआप "घुर्र" करून पुन्हा सुरू होत असेल, तर दाबाच्या बाजूने पाणी किंवा हवा निसटते आहे, असे समजावे.

नव्या पंपात बहुधा तळाच्या नळीची क्लिप सैल झालेली असते. चार स्क्रू काढून खालचे कव्हर उघडले की ती दिसते, मात्र त्याआधी टाकी रिकामी करून बॅटरीची वायर सोडवा. वायसर ताजा असूनही बोटाला चिकट, फुगलेला लागत असेल, तर तो औषधाने खाल्ला आहे. पाण्यात दुधासारख्या होणाऱ्या ई.सी. औषधांत जो द्रावक असतो, तो साध्या रबराला फुगवतो, आणि उरलेले द्रावण रात्रभर टाकीत ठेवणाऱ्यांचे वायसर म्हणूनच लवकर जातात. जुना वायसर दुकानात सोबत न्या, मापाचाच मिळेल. टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळावी, वायसरच्या जागी नव्हे. आणि प्लास्टिकचे आटे पान्याने आवळू नयेत, कारण खरा तडा तिथेच जातो.

उत्तर २ (शेतकरी महिला, राळेगाव)

दुरुस्ती होईपर्यंत त्या पंपात औषध भरू नका, ही माझी विनंती आहे. २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, आणि तेव्हापासून आमच्या घरी ओली पाठ दिसली की काम थांबते. ही औषधे नाकातोंडातून जातात तशीच कातडीतूनही आत जातात, आणि घामाने भिजलेल्या अंगावर अधिकच. तुम्ही चार टाक्या तसेच फिरलात, हे वाचून मला राग आला, लपवत नाही. सदरा भिजला की लगेच काढून साबणाने अंघोळ करावी आणि तो घरच्या धुण्यात मिसळू नये. डोके गरगरणे, खूप घाम, लाळ, उलटी किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले, तर औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे पत्रक घेऊनच दवाखाना गाठावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ताई, तुमचे बोलणे पटले. अंग ठीक आहे. कागद दहाच मिनिटांत भिजला. कव्हर उघडल्यावर तळाच्या नळीची क्लिप इतकी सैल निघाली की ती बोटाने फिरत होती. ती बदलली, छिद्र मोकळे केले आणि खाली आता थेंबही नाही. मात्र ट्रिगर सोडल्यावर नोझलमधून पाणी ठिबकत राहते.

उत्तर १ (पुन्हा)

ट्रिगरच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा बसला असेल. तो उघडून जुन्या दातांच्या ब्रशने धुवा, नोझल तोंडाने फुंकू नका, आणि पाणी भरताना टाकीच्या तोंडावरची जाळी काढत असाल तर ती सवय सोडा. विहिरीच्या पाण्यातली रेती तिथूनच आत जाते.