मदत हवी आहे: प्लेअरची पट्टी पुढे सरकवली की ऑडिओ पुन्हा शून्यावर येतो

नमस्कार. वेबपानावर चालणारा एक साधा ऑडिओ-व्हिडिओ प्लेअर मी स्वतः लिहिते आहे. लायब्ररी कुठलीच घेतलेली नाही, नुसतं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट. ब्राउझरची तयार बटणं का वापरत नाही, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते. बाबांची नजर अधू झाली आहे. त्यांच्यासाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, एकेक प्रकरण चाळीस-पन्नास मिनिटांचं. तयार बटणं त्यांना सापडत नाहीत. शिवाय 'पंधरा सेकंद मागे' हे बटण त्यांना फार लागतं, एखादं वाक्य निसटलं की लगेच.

चालू-बंद जमलं. वेग कमी करणंही जमलं, आवाज न बिघडता. सुरुवातीला एकूण वेळेच्या जागी 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') दिसायचं. लोडेडमेटाडेटा हा इव्हेंट, म्हणजे फाइलची माहिती आल्याची ब्राउझरची सूचना, येईपर्यंत ड्युरेशन (एकूण वेळ) कळतच नाही हे समजल्यावर तेही सुटलं.

अडलंय ते इथे. पट्टी ओढून विसाव्या मिनिटावर नेली की प्रकरण पहिल्यापासून सुरू होतं. 'पंधरा सेकंद मागे' दाबलं तरी तेच. करंटटाइमला (कितव्या सेकंदाला वाजवायचं ते) मी देते तो आकडा बरोबर आहे, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये छापून पाहिला. चमत्कारिक गोष्ट म्हणजे तेच पान फोल्डरमधून थेट उघडलं तर सगळं नीट चालतं. सर्व्हर सुरू करून उघडलं की बिघडतं. ब्राउझर क्रोम. तीन संध्याकाळी यात गेल्या, काय तपासू ते सांगाल का?

प्रतिसाद

फोल्डरमधून चालतं आणि सर्व्हरवरून नाही, यातच उत्तर आहे. तुमचा कोड बरोबर असावा, शंका सर्व्हरवर घ्या.

फाइलच्या मधूनच वाजवायचं असेल तर ब्राउझर सर्व्हरकडे अख्खी फाइल मागत नाही. 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं रेंज हेडरमधून, म्हणजे मागणीसोबतच्या एका सूचनेतून, सांगतो. सर्व्हरला ते कळत असेल तर तो २०६ या कोडसह तेवढाच तुकडा पाठवतो. कळत नसेल तर २०० देऊन फाइल पहिल्यापासून पाठवत सुटतो. मग क्रोम ठरवतो की या फाइलमध्ये पुढे-मागे जाता येत नाही, आणि तुम्हाला शून्यावर आणून सोडतो. चाचणीसाठी एका ओळीत सुरू करतो त्या छोट्या सर्व्हरांपैकी काहींना रेंज समजत नाही.

डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून ऑडिओच्या ओळीवर कोणता कोड आहे ते पाहा. कन्सोलमध्ये प्लेअरच्या सीकेबलचा (फाइलमध्ये कुठवर पुढे-मागे जाता येतं ते) शेवटही छापा. तिथे शून्य आलं तर निदान पक्कं. अपाची किंवा एनजिनएक्स या मोठ्या सर्व्हरांवर फाइल ठेवलीत तर वेगळं काही करावं लागत नाही.

धागाकर्ती

२०० च आहे! आणि सीकेबलचा शेवट शून्य. एनजिनएक्स बसवून तीच फाइल तिथे ठेवली, आता २०६ येतंय आणि मागे जायचं बटण चालतंय. मनापासून आभार. मी तीन दिवस चुकीच्या जागी शोधत होते.

एक राहिलं. पट्टी ओढत असताना तिचा गोळा हाताखालून निसटून मागे पळतो. सोडला की कधी नव्या जागी, कधी जुन्या.

प्रतिसाद

वाजताना वेळ पुढे सरकल्याचं सांगणारा टाइमअपडेट इव्हेंट सेकंदाला साधारण चार वेळा येतो आणि दर वेळी तुम्ही पट्टीची किंमत बदलत असणार. म्हणजे एका बाजूने तुमचा हात ओढतोय, दुसऱ्या बाजूने कोड. एक खूण ठेवा. पट्टीवर इनपुट इव्हेंट आला की 'ओढणं चालू' असं नोंदवा, आणि ते चालू असेपर्यंत टाइमअपडेटमधून पट्टीला हात लावू नका. गोळा सोडल्यावर चेंज इव्हेंट आला की करंटटाइम बदला आणि खूण काढून टाका.

तुमच्या बाबांसाठी आणखी थोडं सुचवतो. बटणं डिव्हची (एचटीएमएलच्या साध्या चौकटींची) केली असतील तर ती बदलून खरी बटन एलिमेंट वापरा, कीबोर्डवरून आपोआप चालतात. बाबा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरत असतील तर पट्टीवर तो नुसतं '१२१७' असं सेकंदांत वाचेल. एरिया-व्हॅल्यूटेक्स्टमध्ये, म्हणजे आकड्याऐवजी वाचायच्या मजकुरात, 'वीस मिनिटं सतरा सेकंद' असं लिहीत राहा. ऐकणाऱ्याला खरं ते कळतं.

धागाकर्ती

गोळा आता हातात राहतो. व्हॅल्यूटेक्स्ट घातलं तेव्हा बाबा पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, 'अजून अर्धं प्रकरण बाकी आहे.'

काल कुठे थांबलो ते लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवते, आणि पान उघडल्यावर लोडेडमेटाडेटा आला की तिथे नेते. मात्र आपोआप वाजायला लागत नाही, प्ले दिलं की नॉटअलाउड एरर येते.

प्रतिसाद

ती ब्राउझरची अट आहे. माणसाने पानावर काही दाबल्याशिवाय आवाज सुरू होण्याची खात्री नाही, क्रोममध्ये हे २०१८ पासून आहे. तिला वळसा घालू नका. प्लेने परत दिलेला प्रॉमिस (वाजेल की नाही हे नंतर कळवणारं उत्तर) नाकारला गेला की तो कॅचमध्ये, म्हणजे चूक हाताळणाऱ्या कोडमध्ये, पकडा आणि 'जिथे थांबलात तिथून ऐका' असं एकच मोठं बटण दाखवून फोकस त्यावर न्या. बाबांनी एंटर दाबला की झालं.

आणि आयफोनवर आवाजाची पट्टी ठेवू नका. तिथे व्हॉल्यूम जावास्क्रिप्टने बदलत नाही, फोनच्या बाजूच्या बटणांनीच बदलतो. न चालणारी पट्टी चाचपत बसायची वेळ त्यांच्यावर यायला नको.

धागाकर्ती

पट्टी काढली. तिच्या जागी 'पंधरा सेकंद मागे' दुप्पट मोठं केलं.