चार्ज : एका शब्दावर किती ओझं?

'चार्ज'ला मराठीत नेमका एक शब्द कोणता, असा प्रश्न आला आहे. एक नाही, आणि शोधूही नये. फोन चार्ज होतो, हॉटेलवाला सर्व्हिस चार्ज लावतो, पोलीस लाठीचार्ज करतात आणि बदली झालेले मुख्याध्यापक किल्ल्या, हजेरीपट, डेडस्टॉक रजिस्टर मोजून देऊन चार्ज सोडतात.

मूळ अर्थ गाडीशी जोडलेला. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे चाकांची गाडी. तिच्यात माल लादणं या अर्थाचं क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. (कार, कार्गो त्याच घरातले. कॅरिकेचरही, नाकाडोळ्यांवर जास्तीचं ओझं लादलेलं चित्र!) जबाबदारी लादली की पदभार, पैसे लादले की शुल्क, गुन्हा लादला की आरोप.

बंदुकीत ठासलेली दारू हाही चार्जच. आपण त्याला बार भरणं म्हणतो. 18व्या शतकात काचेच्या बरणीत वीज साठवता येते हे कळलं आणि तिलाही हाच शब्द लागला. बेंजामिन फ्रँकलिननं अशा बरण्या एकमेकींना जोडल्या आणि त्या जोडणीला 1749 मध्ये 'बॅटरी' म्हटलं, म्हणजे तोफांची रांग. रोज रात्री उशाशी आपण केवढा दारूगोळा घेऊन झोपतो बघा.

खरा घोळ कोर्टाच्या बातम्यांत होतो. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात देतात ती चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. आरोपी कोठडीत असेल आणि ते 60 किंवा 90 दिवसांत (मुदत गुन्ह्यावर ठरते) दाखल झालं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. 'चार्ज फ्रेम' मात्र न्यायालय करतं, ती आरोपनिश्चिती. पहिलं पोलिसांचं म्हणणं, दुसरं न्यायाधीशांनी कागदपत्रं बघून ठरवलेलं. 'आरोप दाखल झाले' असं लिहिलं की यातलं काय घडलं तेच कळत नाही.

इंग्रजी लिहिताना शब्दयोगी सांभाळा. 'चार्ज्ड विथ' म्हणजे गुन्ह्याचा आरोप, 'चार्ज्ड फॉर' म्हणजे पैसे लावले. फुटलेल्या काचेबद्दल 'फॉर' असेल तर बिल येईल, 'विथ' असेल तर वकील लागेल.

'लाठीचार्ज'मधला चार्ज म्हणजे चाल करून जाणं, घोडदळ जातं तसं. त्याला लाठीमार हा मराठी शब्द आहेच. त्याच्यामागे 'सौम्य' लावायची पद्धत कुणी पाडली, त्यानं एकदा पाठीवर घेऊन पाहावा.

मराठीनंही नकळत तीच गाडी पकडलेली दिसते. पदभार, कार्यभार, अधिभार, सगळीकडे भार. विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित, तर शाळेत प्रभारी मुख्याध्यापक. विहीर रिचार्ज करणं हे पुनर्भरण, आणि 'भर' व 'भार' दोन्ही संस्कृत 'भृ' धातूचे. फोनचं रिचार्ज मात्र आपण सरळ 'मारतो'.

माझा आवडता शब्द वेगळाच, 'भारणे'. मांत्रिक दोरा भारून देतो. सभा भारलेली असते, तिथे इंग्रज 'चार्ज्ड' म्हणेल. फोन 'भारायला लावलाय' असं मी घरी आठवडाभर म्हणून पाहिलं. आईनं विचारलं, "कुणाची दृष्ट लागली त्याला?"