किचनमधल्या आरओचं पाणी समुद्री माशांच्या टँकला चालतं का?
कोणीतरी म्हटलंय की घरात आरओ आहेच तर त्याच पाण्यात मरीन सॉल्ट (टँकसाठी मिळणारं समुद्री मीठ) कालवा, वेगळा खर्च कशाला. अर्धंच पटलं. नळाच्या पाण्यापेक्षा बरं, पण किचनमधल्या बऱ्याच आरओंना टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे चव यावी म्हणून गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतं. आमच्याकडे वाघोलीला उन्हाळ्यात सोसायटीत टँकर नाहीतर बोअर, तेव्हा त्याच आरओचं पाणी टीडीएस मीटरवर ९० पीपीएमच्या पुढे, आणि मी आपला टँकच्या काचेवरचा तपकिरी थर घासत सॉल्टच्या कंपनीला शिव्या देतोय. शेवटी कंट्रोलर पूर्ण बंद केला (आई म्हणते पाणी बेचव लागतं, ते वेगळंच), टँकच्या लाइनला पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा) डबा जोडला, आता रीडिंग शून्य आणि महिन्याभरात थर गेला.

अजून एक, एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं पण मीठ काही उडत नाही, त्यामुळे रोजची भर घालताना हेच साधं पाणी घाला, खारं नको, नाहीतर खारेपणा (विशिष्ट घनता) १.०२५ चा १.०२८ कधी झाला कळत पण नाही.