मदत हवी आहे: हिंदी महासागरातली चढाओढ मच्छीमारांना कशी समजावून सांगू?

नमस्कार मंडळी,

मी मालवणचा. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. येत्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, वाडीतल्या लोकांसमोर या विषयावर तासभर बोलायचं कबूल केलंय. २०२३ साली नौदल दिनाचा सोहळा इथेच झाला, तेव्हापासून पोरं युद्धनौकांबद्दल सारखं विचारत असतात.

म्हणून आधी भाषण जहाजांच्या संख्येवरच बेतलं होतं. शेजारच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या कप्तानाला, वाचून दाखवलं. तो पडवीत फाटलेलं जाळं शिवत बसला होता. सुई न थांबवता म्हणाला, "मास्तरानू, हेंची जहाजां पाणी-डिझेल खंय भरतत?"

त्या रात्री सगळं खोडलं आणि नकाशावर बंदरं मांडायला घेतली. हिंदी महासागराच्या मध्यावर चागोस बेटांपैकी दिएगो गार्सिया, तिथे अमेरिकेचा मोठा तळ. त्यासाठी १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरची माणसं घरादारातून उठवली, हे वाचून जीव कळवळला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जिबुतीत अमेरिकेचा तळ आहेच, २०१७ पासून चीनचाही आहे. श्रीलंकेतलं हंबनटोटा त्याच वर्षी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं. आपल्या बाजूला कारवार, अंदमान, आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर सुरू झालेला 'आयएनएस जटायू' हा नौदल तळ. चीनचं आखातातून येणारं बहुतेक तेल याच पाण्यातून मलाक्काच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीकडे जातं, म्हणून ही धडपड.

अडलंय ते दोन ठिकाणी. हंबनटोटाला सरळ 'चिनी तळ' म्हणावं का? आणि शेवटी मला विजयदुर्ग सांगायचा आहे. विजयदुर्गावरच्या मराठा आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे यांचा काटा काढायला नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, आणि १७५६ मध्ये मराठ्यांचं आरमार विजयदुर्गाच्या बंदरातच जळालं. घरच्या भांडणात बाहेरचा आरमारवाला बोलावला की काय होतं, ते कोकणाइतकं कोणाला ठाऊक? श्रीलंका, मालदीवला हा दाखला लावला तर चालेल ना? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

मास्तर, नमस्कार. मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत बरीच वर्षं काढली.

हंबनटोटाला तळ म्हणू नका. ते व्यापारी बंदर आहे, त्याच्या सुरक्षेची जबाबदारी श्रीलंकेच्या नौदलाकडे आहे. तळ म्हणजे स्वतःचे सैनिक, दारूगोळा, दुरुस्तीची सोय, आणि यायला कोणाची परवानगी लागत नाही. जिबुतीत चीनकडे तसं आहे. हंबनटोटाला विचारून यावं लागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये 'युआन वांग ५' हे उपग्रहांचा माग काढणारं चिनी जहाज तिथे आलं, तेव्हा श्रीलंकेने आधी ते लांबणीवर टाकायला सांगितलं होतं, मग परवानगी दिली. काळजी आहे ती उद्याची. धक्का खोल आहे आणि भाडेपट्टा लांब मुदतीचा आहे.

विजयदुर्गाचा दाखला मात्र मला अर्धाच पटतो. श्रीलंका काही आपल्या घरातली नाही, स्वतंत्र देश आहे. जानेवारी २०२४ पासून वर्षभर तिने परदेशी संशोधन जहाजांना बंदी केली. मालदीवने त्याच वर्षी फेब्रुवारीत चिनी संशोधन जहाजाला माले बंदरात येऊ दिलं, आणि मे महिन्यापर्यंत तिथले भारतीय जवान परत पाठवले. हे देश स्वतःचा हिशोब बघून बंदर उघडतात आणि मिटतात. त्यांना 'फसलेले' म्हणालात तर आपल्याच पोरांना चुकीचं शिकवाल.

मास्तरांचं उत्तर

मनापासून आभार. 'घरचं भांडण' हे शब्द काढून टाकले. विजयदुर्ग ठेवतोय, पण आपल्याच चुकीची गोष्ट म्हणून. आणि भाषणाची सुरुवात आता तांडेलाच्या प्रश्नानेच करणार. त्याला विचारलं, तो पुढच्या रांगेत बसायला तयार आहे. एवढंच अजून सांगा: तुमच्या जहाजाने हंबनटोटाला कधी पाणी भरलंय का? तिथला धक्का कसा दिसतो ते पोरांना सांगायचं आहे.