व्हॅनच्या केबिनमधला आवाज आणि धग कमी करायचीय, काय टाकू, कुठून सुरू करू?

आठतास_स्टिअरिंग:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो. माझी मालवाहू व्हॅन आहे, डिझेल, जुनी, इंजिन पुढच्या सीटांच्या खाली. दिवसाचे आठ-नऊ तास मी तिच्यातच असतो. ८० च्या वर गेलो की शेजारी बसलेल्या भावाशी ओरडूनच बोलावं लागतं, आणि रात्री आडवा झालो की कानात बारीक शिट्टी वाजत राहते, कधी कधी तासभर. सीटखालून धग येते ती वेगळीच, डावी मांडी अक्षरशः भाजते. मागचा माल ठेवायचा भाग पूर्ण उघडा आहे, मधे पार्टिशन नाही.

डोक्यात असं आहे की डॅम्पिंग शीटचा मोठा रोल आणायचा आणि दारं, छत, फ्लोअर सगळीकडे चिकटवून टाकायचा, एक इंचही मोकळा ठेवायचा नाही. दारांच्या पोकळीत स्प्रे फोम मारावा का असंही वाटतंय. कुणी केलं असेल तर सांगा, पैसे एकदाच घालणार आहे.

पत्राकाम:
दादा, रोल आणू नका अजून. आधी आवाज येतो कुठून ते बघा, नाहीतर पन्नास किलो वजन वाढेल आणि फरक दहा टक्के पडेल.

सोपं आहे. गाडी उभी ठेवून इंजिन तेवढ्याच आरपीएमला न्या जेवढा ८० ला असतो. जो आवाज येतो तो निव्वळ इंजिनचा. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर ८० ला असताना क्लच दाबा, इंजिन आयडलला येऊ द्या (बंद करायचं नाही हां, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात). आता जे उरलं ते टायर आणि वारा. वारा वेगळा काढायचा असेल तर दारांच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून तोच रस्ता परत मारा, टेपने फरक पडला तर दाराचं रबर गेलंय. रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटून आली की तिथे फट आहे. असं पूर्ण दारभर फिरा.

आणि एक, सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर फट फट आवाज येऊन गरम झाल्यावर कमी होतो का ते ऐका. एक्झॉस्टचं गास्केट लीक असेल तर असं होतं, सांध्यावर काळी काजळी दिसेल. तुमचं इंजिन सीटखाली आहे म्हणजे तो धूर केबिनमध्ये येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो आणि त्याला वास नसतो. हे आधी. शीट-बीट नंतर.

रबर_ग्रोमेट:
पत्राकाम यांच्याशी सहमत. त्यात भर एवढीच की रात्री अंधारात एकाने केबिनमध्ये बसायचं आणि दुसऱ्याने इंजिनच्या बाजूने टॉर्च मारत फिरायचं, जिथून उजेड आत येतो तिथून आवाजही येतो. वायरी, केबल जातात तिथली रबरं जुन्या गाडीत हमखास कडक होऊन तुटलेली असतात. फट लहान दिसते म्हणून सोडू नका, भिंत कितीही चांगली केली तरी तिच्यात एक टक्का जागा उघडी असेल तर आवाज साधारण २० डेसिबलच्या वर अडतच नाही, हे साधं गणित आहे.

ठोकून_बघा:
मटेरियलबद्दल लिहितो कारण लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट साउंडप्रूफिंग म्हणतात आणि तिथेच फसतात.

एक, डॅम्पिंग शीट. ब्युटाईल रबरवर ॲल्युमिनियमचा पातळ थर, साधारण २ मिमी. हिचं काम पत्र्याचं थरथरणं मारायचं, बस. मोठ्या सपाट पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोका, टणण् वाजेल. मधोमध एक तळहाताएवढा तुकडा लावा, रोलरने दाबा, परत ठोका. ठप् असा मेलेला आवाज येतो. तो आला की त्या पत्र्याचं बहुतेक काम झालं. पॅनलच्या पंचवीस ते चाळीस टक्के भागावर लावलं तरी पुरतं, म्हणून एक इंचही सोडायचा नाही हा विचार सोडून द्या, नुसतं वजन वाढतं, दर चौरस मीटरला तीन-चार किलो धरून चाला. डांबराची स्वस्त शीट घेऊ नका, उन्हात मऊ होऊन छतावरून सुटते आणि केबिनमध्ये वास राहतो.

दोन, आवाज अडवायला वजन लागतं. त्यासाठी जड व्हिनाइलची चादर मिळते, चौरस मीटरला साधारण ५ किलो. ती फ्लोअरवर आणि इंजिनच्या बाजूला. तिच्याखाली बंद पेशींचा फोम हवा, म्हणजे चादर पत्र्याला थेट टेकत नाही. ही मात्र सलग पाहिजे, सांधे टेपने बंद. शीट तुकड्या-तुकड्यात चालते, चादर चालत नाही.

तीन, शोषून घेणारं, म्हणजे नमदा, लोकर, पॉलिएस्टरचा वॅडिंग. हे छताच्या अस्तराच्या वर आणि पॅनलच्या मागच्या पोकळीत. हेच उष्णताही अडवतं. डॅम्पिंग शीट उष्णता अडवत नाही, वरचा ॲल्युमिनियम चमकतो म्हणून लोकांना तसं वाटतं. चमकदार थराला समोर मोकळी हवा लागते, दोन थरांत दाबून बसवला की तो परावर्तन करूच शकत नाही.

लावताना पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थंडी असेल तर हीट गनने कोमट करा, आणि रोलर असा फिरवा की शीटवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. इथे कंटाळा केला की सहा महिन्यांत कडा उचलतात.

दारातलं_पाणी:
स्प्रे फोम दारात अजिबात मारू नका, कळकळीने सांगतोय. मी फोम नाही पण जुन्या कपड्यांचा कापूस दारात भरला होता, मस्त गच्च, दार लावलं की जड गाडीसारखा आवाज यायचा, इतका खूश होतो मी. पहिल्या मोठ्या पावसानंतर ब्रेक मारला तर दारात डबक डबक पाणी हललेलं ऐकू आलं. काचेवरून पाणी दाराच्या आत उतरतच असतं, ते खालच्या बारीक भोकांतून निघून जातं आणि माझ्या कापसाने ती भोकं बुजवली होती. दाराचं आतलं पॅड काढलं तर कापूस चिंब, आणि खालची कड बोटाने दाबली तर पत्र्याची खपली हातात आली. दाराची पूर्ण खालची पट्टी कापून नवीन जोडावी लागली.

दारात फक्त बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट, हवाच तर पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम, आणि खालचे चार बोटं मोकळे. पॅडमागे जो प्लॅस्टिकचा कागद असतो तो फाडून फेकू नका, ब्युटाईलच्या दोरीने परत नीट चिकटवा, तोच पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही.

आठतास_स्टिअरिंग:
सगळ्यांचे मनापासून आभार, रोल आणला नाही ते बरंच झालं. काल टेस्ट केल्या. गाडी उभी असताना इंजिनचा आवाज जवळजवळ तेवढाच आहे, म्हणजे मुख्य भानगड सीटखालीच. इंजिनच्या झाकणाचं रबर एका बाजूने चक्क नाहीये, मागच्या कोपऱ्यात माझी करंगळी आत जाते. आणि हो, मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) सांध्यावर काजळी आहे. ते बघून पोटात गोळा आला, कारण संध्याकाळी डोकं दुखायचं ते मी उन्हावर ढकलत होतो. उद्याच गास्केट करायला टाकतोय.

झाकणाच्या आतून काय लावू? तोच फोम चालेल का?

पत्राकाम:
गास्केट होईपर्यंत काचा उघड्या ठेवूनच चालवा, आणि डोकं दुखायला लागलं तर गाडी बाजूला घेऊन बाहेर उतरा. खरं तर होईस्तोवर चालवूच नका.

झाकणाच्या आतून साधा फोम नको, कापड नको, नमदाही नको. तिथे डिझेल आणि ऑइलचे थेंब उडतात, असं काही भिजलं की आगीला वातच झाली. ॲल्युमिनियम लावलेली फायबरग्लासची हीट शील्ड मिळते ती लावा, कडा टेपने बंद, आणि नुसत्या गोंदावर विसंबू नका, रिव्हेट नाहीतर वॉशर लावून स्क्रू मारा, सुटून फिरत्या बेल्टवर पडली तर वाट लागेल. केबिनच्या बाजूने झाकणावर फोम आणि जड चादर चालेल. केबिनमधलं कुठलंही मटेरियल घेताना आयएसओ ३७९५ किंवा एफएमव्हीएसएस ३०२ ची चाचणी झालीय का विचारा, त्यात पट्टी आडवी धरून किती वेगाने जळते ते बघतात, मर्यादा मिनिटाला साधारण १०० मिमी.

इंजिन माउंटिंगही बघून घ्या. आयडलला आरसा थरथरत असेल तर माउंटिंगचं रबर बसलंय, आणि ती थरथर कुठल्याच शीटने जाणार नाही.

मागचा_ढोल:
पार्टिशनचं कुणीच बोललं नाही? मागचा रिकामा भाग म्हणजे पत्र्याचा ढोल, टायरचा सगळा आवाज त्यात घुमून पुढे येतो. माझ्या गाडीत सगळ्यात जास्त फरक १२ मिमी प्लायच्या पार्टिशनने पडला, मागून नमदा, चारी बाजूंना रबर बीडिंग. मागे बघायला काच ठेवा. मागची चाकांवरची घुमटं मात्र शीट लावून घ्या, खडी तिथेच आदळते.

छताचं अस्तर काढणार असाल तर कडेला पडद्याची एअरबॅग आहे का आधी बघा, तिच्यावर किंवा तिच्या वाटेत काहीही चिकटवायचं नाही. सीट काढताना खाली पिवळे कनेक्टर (एअरबॅगच्या वायरींचे) दिसले तर बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय हात लावू नका.

आणि कानाचं मनावर घ्या. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चारच तास. काम होईपर्यंत रोज शिट्टी वाजतेय तर कान दाखवून या.

आठतास_स्टिअरिंग:
अपडेट देतो. गास्केट झालं, डोकेदुखी गेली, खरंच गेली. झाकणाला नवीन रबर, आतून हीट शील्ड, वरून फोम आणि चादर. एवढंच केलंय. मोबाईलच्या ॲपवर ८० ला आधी ८७-८८ दाखवायचं, आता ८१-८२ दाखवतंय, ॲप किती बरोबर ते सोडा पण काल भाऊ फोनवर हळू आवाजात बोलत होता आणि मला प्रत्येक शब्द कळला. मांडी भाजत नाही. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

रविवारी फ्लोअर करायला बसलो आणि मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या बाजूला खालचा नमदा ओला लागला, पत्र्यावर तांबूस डाग आलेत. वरून चादर टाकून देऊ का?

दारातलं_पाणी:
नको! वरून चादर टाकली की ते पाणी कायमचं कोंडलं. नमदा पूर्ण बाहेर काढा, वाळवा, गंज घासून प्रायमर मारा. मग एकाला पाइपने पुढच्या काचेवर पाणी सोडायला सांगा, खालून वर, हळूहळू, आणि तुम्ही पायाशी टॉर्च घेऊन पडून राहा. काचेचं रबर नाहीतर वायपरखालची जाळी, बहुतेक यापैकीच निघेल. सापडलं की इथे फोटो टाका, मग फ्लोअरचं बघू.