सरांच्या हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) मदत हवी आहे (सातारा)

आमचे वनस्पतिशास्त्राचे सर गेल्या महिन्यात गेले. मी आधी त्यांचा विद्यार्थी, नंतर त्याच विभागात सहकारी. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास पठाराचं नाव जागतिक वारशात आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून सर पोरांना एसटीने कासला न्यायचे. सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळावर, पाय कुठे टाकायचा, इथपासून शिकवायचे.

काकूंनी त्यांचा संग्रह माझ्याकडे सोपवलाय. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली, जाड कागदावर दोऱ्याने टाचलेली झाडं. गेंद, सीतेची आसवं, सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि फुलाचा ताजा रंग, सरांच्या बारीक अक्षरात. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून ही नोंद फार मोलाची.

काही शीटना कसर लागलीय आणि पाऊस तोंडावर आलाय. नुसत्या डांबरगोळ्या पुरतील, की प्लॅस्टिकमध्ये बंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवावं? किती दिवस? शिवाय पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राला किंवा एखाद्या विद्यापीठाला असा खासगी संग्रह कुणी दिलाय का? पद्धत काय असते? संग्राहक म्हणून सरांचं नाव लेबलवर कायम राहील ना? काकूंनी तेवढं एकच विचारलंय.